आठवा, नववा आणि दहावा भाग

माझं लग्न सहाव्या आणि सातव्या भागाच्या मध्ये झालं. लग्न कधी झालं असं कुणी विचारलं तर आजही मला आधी हेच आठवतं, तिथी नंतर.

एकसष्टचा उन्हाळा होता. यवतमाळला आमच्या शेजारी एक वकील राहायचे, त्यांच्याकडे रेडिओ होता. दर शुक्रवारी संध्याकाळी साडेसातला नागपूरहून एक रहस्यनाटिका लागायची. गोष्ट एकच, भाग अकरा. कापसाच्या एका व्यापाऱ्याचा, शेटजींचा, त्यांच्याच बंगल्यात खून झालेला. रात्रीच्या दुधातून कुणीतरी विष दिलेलं. संशय चौघांवर होता: पुतण्या, मुनीम, डॉक्टर आणि घरची स्वयंपाकीण. तपास करणारा माणूस पोलीस नव्हता, पेन्शनीत निघालेला हेडमास्तर होता आणि त्याला सुपारीचं व्यसन होतं. समोरचा माणूस बोलत असायचा, आपण ऐकत असायचो, आणि तो खोटं बोलला की अडकित्त्याचा आवाज यायचा, कट्. हेडमास्तर त्यावर काही बोलायचा नाही. वकिलांच्या ओसरीवर बसलेल्या आम्हा दहा-बारा जणांच्या अंगावर मात्र सर्रकन काटा यायचा.

मी आणि माझी धाकटी बहीण सर्वांत पुढे बसायचो. आठवडाभर आमची भांडणं याच गोष्टीवरून चालायची. तिला वाटायचं डॉक्टर, मला वाटायचं मुनीम. अकरा भाग पुरे ऐकायचे आणि तिला खोटं पाडायचं, एवढं मी पक्कं ठरवून टाकलं होतं. आणि मी ठरवलं की ठरवलं, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. आईला विशेष.

म्हणून मुहूर्ताची बोलणी सुरू झाली तेव्हा मी आईला सरळ म्हटलं, पाच आठवडे पुढे ढकला. तिने कारण विचारलं. मी खरं कारण सांगितलं. तिने लाटणं खाली ठेवलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पोळी लाटायला घेतली. चर्चा तिथेच संपली.

सासरचं गाव राळेगाव तालुक्यात, एस.टी.तून उतरलं की पुढे दोन कोस बैलगाडी. सासरे वारलेले. नवरा दुसऱ्या गावच्या शाळेत मास्तर, तो शनिवारी दुपारी सायकलने यायचा आणि सोमवारी पहाटे जायचा. बाकीचे दिवस घरात आम्ही दोघीच, मी आणि सासूबाई. सासूबाई गावातली बाळंतपणं करायच्या. अंगाने काटक, आवाजाने खणखणीत, आणि कुणाच्याही घरात न विचारता थेट चुलीपर्यंत जाणाऱ्या. मी त्यांना आत्याबाई म्हणायची.

गावात वीज नव्हती आणि रेडिओ एकच होता, चावडीवरचा. सरकारने गावाला दिलेला. लोखंडी पेटीत बंद, बॅटरीवर चालणारा, आणि पेटीची किल्ली कोतवालाच्या कमरेच्या करगोट्याला. संध्याकाळी पुरुष मंडळी तिथे जमायची, बाजारभाव आणि बातम्या ऐकायची. आणि चावडी म्हणजे काय ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. चावडीसमोरून जाताना गावातल्या सुनांनी वहाणा पायातून काढून हातात घ्यायच्या, पदर पुढे ओढायचा आणि मान खाली घालून पुढे सटकायचं. मीही गेले तशीच, वैशाखातल्या तापलेल्या फुफाट्यातून, तळव्यांना चटके खात. चटक्यांपेक्षा जास्त झोंबलं ते हे, की मला हवी असलेली एकुलती एक वस्तू त्या चावडीच्या आत होती.

मांडवपरतणीला दोन दिवस माहेरी गेले, तर त्या दोन दिवसांत शुक्रवार पडला नाही. शुक्रवार आला तो सासरी. साडेसात वाजले असावेत असा अंदाज बांधून मी अंगणात उभी राहिले. वाऱ्यावर बातम्यांचा थोडा गुणगुणाट आला आणि मग तोही थांबला. बातम्या झाल्या की चावडीवर पेटी बंद करायचे, बॅटरी पुरावी म्हणून. सातवा भाग माझ्या नशिबातून गेला. मी घरात आले आणि भांडी घासायला घेतली.

"काय वो, भांड्याईवर काहून राग काढून राह्यली?" सासूबाईंनी विचारलं.

मी सांगून टाकलं. शेटजींना कोणी मारलं ते आता मला कधीच कळणार नाही, असं म्हणताना माझा आवाजही फुटला. नवी सून रडते ती माहेरच्या आठवणीने, एवढंच त्यांना ठाऊक.

"कोन शेट मेला? तुमच्या नात्यातला?"

"नाटकातला."

"मंग मरू दे ना बाई," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

पण दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी जात्यावर तूर भरडायला बसलो. एका खुंट्याला दोघींचे हात, समोरासमोर. असं बसलं की बोलल्यावाचून राहवत नाही. त्यांनीच विचारलं, "त्या शेटचं काय झालं व्हतं?" मी पहिल्या भागापासून सुरू केलं. मला सांगायला येतं, हे मी बढाई म्हणून नाही सांगत. हेडमास्तरचा घोगरा आवाज, मुनिमाचं तोतरेपण, पुतण्याचं लाडात येणं, सगळं करून दाखवलं. अडकित्त्याच्या जागी जिभेने टाळूवर आवाज काढला. तिसऱ्या भागाला आल्यावर जातं थांबलेलं होतं आणि दोघींच्याही लक्षात आलं नव्हतं.

त्यांचे प्रश्न मात्र आमच्या ओसरीवर कुणीच कधी विचारले नव्हते असे. "थे स्वयंपाकीन लेकुरवाळी हाये का?"

"ते नाही सांगितलं रेडिओत."

"सांगाले पायजे व्हतं. अन् शेटची बायको कशानं मेली? बाळंतपनात?"

"तेही नाही सांगितलं."

"मंग सांगतेत तरी काय हे लोक?" असं म्हणून त्यांनी जात्यात मूठभर तूर टाकली. चार दिवसांत सहाही भाग झाले. सातव्याच्या ठिकाणी भोक होतं ते होतंच. गुरुवारी रात्री जेवताना त्या म्हणाल्या, "उद्या म्या जातो चावडीवर. आयकून येतो अन् तुले सांगतो."

मी म्हटलं, "बायका तिथे चढत नाहीत ना, आत्याबाई?"

"तिथं बसनाऱ्या अर्ध्या मान्साईले म्याच या जगात आनलं. मले कोन अडवते?"

खरंच होतं ते. शुक्रवारी त्या धुवट लुगडं नेसून निघाल्या तेव्हा मला इतका आनंद झाला, की मी त्यांच्या मागे अंगणाच्या टोकापर्यंत गेले. आठच्या सुमारास परतल्या. तांब्याभर पाणी प्यायल्या, ओट्यावर बसल्या, पाय चोळले. मला दम निघेना.

"सांगा ना."

"सांगतो. मुनीम बिमार पडला. तापानं फनफनला. हेडमास्तर त्याच्या बाजेपाशी बसला अन् इचारून राह्यला, का शेटशी तुहं काय भांडन व्हतं. मुनिमाची बायको कपायावर ओली पट्टी ठेवून राह्यली व्हती."

"अडकित्ता वाजला का?"

"वाजला."

"केव्हा? कुणाच्या बोलण्यावर?"

"वाजला वो. मधातच कवातरी वाजला."

मला हे थोडं खटकलं. अडकित्ता कुणाच्या बोलण्यावर वाजला, हाच तर सगळा खेळ. पण म्हटलं, पहिल्यांदाच ऐकलं आहे, निसटलं असेल.

पुढच्या शुक्रवारी नववा भाग. तो त्यांनी जास्त रंगवून सांगितला. हेडमास्तर बंगल्याच्या स्वयंपाकघरात गेला, चुलीतल्या राखेत हात घातला आणि म्हणाला, इथं रात्री जाळच झालेला नाही, मग दूध तापवलं कुणी? स्वयंपाकीण त्या रात्री घरात नव्हतीच. ती मागच्या गल्लीत एका बाळंतपणाला गेली होती. "पोर उलटं व्हतं. पाय पह्यले. सुईन एकटी काय करते? हे कंदील धरून उभी राह्यली, पहाटलोक." मग ते मूल कसं फिरवलं, आईला धीर कसा दिला, गरम पाणी कितीदा आणलं, हे सगळं आलं. हेडमास्तर बराच वेळ कुठे दिसला नाही.

रेडिओवर राख दिसते कशी, हा प्रश्न मला पडला होता. आणि नागपूरहून कुणी असं बाळंतपण ऐकवेल, तेही घराघरांत माणसं जेवायला बसायच्या वेळी, हे काही पटेना.

मंगळवारी बहिणीचं पोस्टकार्ड आलं. तिचं अक्षर मुंगीएवढं. वर सगळ्यांची खुशाली, आणि मग कोपऱ्यात: "आठव्या भागात मुनीम पळाला. स्टेशनवर पकडला. शेटजींचं घड्याळ त्याच्याजवळ सापडलं. तुझंच खरं होईल असं दिसतं. मला फार राग आला आहे."

मुनीम पळाला. तापाने फणफणून बाजेवर पडला नव्हता.

"काय लिवलं?" सासूबाईंनी विचारलं. त्यांना वाचता येत नव्हतं.

"सगळे मजेत आहेत," मी म्हटलं. तो माझा पहिला खोटेपणा.

माझ्या डोक्यात तिडीक गेली होती, ती लपवत नाही. मला फसवलं, माझ्या गोष्टीची वाट लावली, असंच वाटलं. दुपारी विहिरीवर कोतवालाची बायको भेटली. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, चावडीवर शुक्रवारी आत्याबाई बसतात कुठे?

ती इकडेतिकडे पाहून हळू आवाजात म्हणाली, "बसते कुठची! बुढी पायरीवर दिसली का सरपंच उठते. म्हनते, या आजी, काय काम काढलं? अन् पेटीले कुलूप लावाले सांगते. बॅटरी पुरवून वापरा लागते म्हनते. आता तिच्यासमोर तंगड्या पसरून बसता येत नाही, बिडी वढता येत नाही. मान्सं उठूनच जातेत. मंग बुढी मारुतीच्या मांग, थ्या दगडावर, अर्धा घंटा बसून राह्यते अन् घरी जाते."

"तुला कोणी सांगितलं?"

"आमच्या यानंच सांगितलं. त्याच्या हातानंच कुलूप लागते ना. त्यालेबी बरं नाही वाटत."

मी भरलेल्या दोन घागरी घेऊन घरी आले. रस्ताभर माझ्या डोळ्यांपुढे तो दगड होता. एवढी मानी बाई. कुणाच्या दारात बाळंतपणासाठी गेली की घरातला कर्ता पुरुष बाजूला होऊन वाट देतो, आणि इथे तिला पायरीवरून गोड बोलून परत पाठवलं. नाही म्हणाले असते तर ती भांडली असती. ते नाही म्हणाले नाहीत, त्यांनी नुसती पेटी बंद केली. आणि ती मला येऊन म्हणू शकली नाही की मला बसू दिलं नाही. हात हलवत घरी येणं तिला जमलं नाही, म्हणून अर्धा तास दगडावर बसून तिने माझ्यासाठी गोष्ट तयार केली. माझा सगळा राग जागा सोडून चावडीकडे गेला.

त्या रात्रीच मी बहिणीला पोस्टकार्ड लिहिलं: "नववा, दहावा, अकरावा यांतलं काही लिहू नको. एक अक्षर लिहिलंस तर बोलणार नाही." असं का, ते तिला सांगायचं मी टाळलं.

दहाव्या शुक्रवारी सासूबाई धुवट लुगडं नेसल्या. मी त्यांच्या केसांना तेल लावून दिलं आणि जाऊ दिलं. आठ वाजता परतल्या, पाणी प्यायल्या, पाय चोळले, आणि सुरू केलं. ज्या घरी बाळंतपण झालं होतं तिथली आजी साक्ष द्यायला आली. स्वयंपाकिणीने रात्रभर कंदील धरला असं तिने देवाची शपथ घेऊन सांगितलं. डॉक्टर चिडला, म्हणाला अडाणी बाईची साक्ष कसली घेता? हेडमास्तरने त्याला असं झापलं, की डॉक्टरची टोपी खाली पडली.

"अडकित्ता?" मी विचारलं.

"वाजला. डाक्तर बोलला तवाच वाजला." त्या आता शिकल्या होत्या. "अन् मंग पुतन्याच्या कोटाच्या खिशात भेटलं."

"काय भेटलं?"

त्यांनी पदराने तोंड पुसलं. "थे फुडच्या शुक्रवारी."

मला ओरडावंसं वाटलं. खिशात काय होतं? हे सगळं कुठेच नाही, एका दगडावर बसून रचलेलं आहे, हे ठाऊक असूनही मला ते हवं होतं. रात्री अंथरुणावर पडून मी पुतण्याचा खिसा चाचपत होते. शेटजींना कोणी मारलं याचं एक उत्तर नागपूरला होतं आणि एक आमच्या ओट्यावर, आणि मला दोन्ही हवी होती. पण त्याहून एक गोष्ट जास्त हवी होती. अकराव्या शुक्रवारी आत्याबाई दगडावर बसणार नाहीत. त्या चावडीवर बसून ऐकतील. हे मी ठरवलं.

शनिवारी नवरा आला. मी त्याला म्हटलं, येत्या शुक्रवारी मी चावडीवर रेडिओ ऐकायला जाणार आहे. तो हसला. मग त्याने माझं तोंड पाहिलं आणि हसणं थांबवलं.

"लोक बोलतील," तो म्हणाला.

"बोलू दे."

"आई जाऊन राह्यली ना? तुले कायले जायचं?"

आईचं खरं त्यालाही सांगितलं नाही, ताकास तूर लागू दिली नाही. एवढंच म्हटलं, "मला शेवट माझ्या कानांनी ऐकायचा आहे." तो बराच वेळ सायकलची साखळी पुसत बसला. नाही म्हणाला नाही, आणि मी तेवढं पुरेसं धरलं.

शुक्रवारी दुपारी मी सासूबाईंना सांगितलं, आज मीही येते. त्यांच्या हातातलं सूप थांबलं.

"नाही. आज म्या जातच नाही. कंबर धरली मही."

"मग मी एकटीच जाईन."

"चावडीवर? बह्याड झाली का? नवी सून चावडीवर चढली कधी आयकलं?" त्या ओरडल्या. त्यांना चावडीची भीती नव्हती, त्यांना माझ्या तिथे जाण्याची भीती होती. तीन शुक्रवारांचं सगळं उघडं पडणार होतं. मला ते दिसत होतं, पण मी मागे हटले नाही. दिवे लागायच्या आतच मी निघाले. वेशीपाशी पोहोचले तर मागून त्यांचा आवाज आला, "थांब वो. एकटीनं नको जाऊ." एका हाताने कंबर धरून त्या भराभर येत होत्या. कंबर दुखत असलेली बाई असं चालत नाही.

चावडीवर दहा-बारा जण होते. पेटी उघडलेली, बाजारभाव चालू. मी पायऱ्यांशी आले. वहाणा काढल्या, पण हातात घेतल्या नाहीत. देवळाबाहेर ठेवतो तशा नीट बाजूला ठेवल्या आणि वर चढले. एकाने विडी मागे लपवली. खांबाजवळ जागा होती, तिथे मी मांडी घालून बसले.

सरपंच माणूस वाईट नव्हता. पन्नाशीचा, पांढऱ्या मिशांचा, आणि आवाज नेहमी खालच्या पट्टीत. तो माझ्याशी बोललाच नाही. तो खाली उभ्या असलेल्या सासूबाईंना म्हणाला, "या आजी. काय काम काढलं?" आणि कोतवालाला म्हणाला, "लाव रे कुलूप. बॅटरी पुरली पायजे."

बातम्या अजून व्हायच्या होत्या. कोतवाल पेटीकडे वळला. माझ्या तोंडून आत्याबाईंची बोली निघाली, वकिलांच्या ओसरीवरची नव्हे.

"लावा कुलूप," मी म्हटलं. "बायकोमानूस बसलं का पेटी बंद होते, असं दिसते. मंग मी रोज येईन. उद्या येईन, परवा येईन, कापसाचे भाव निंगतीन तवाबी येईन. येऊन इथंच बसन."

सरपंचाने एकदा पेटीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. ही पोरगी खरंच रोज येऊन बसेल, हे त्याला दिसलं असावं. आणि मी आलेच असते. कोतवालाने किल्ली करगोट्याला होती तशीच ठेवली आणि दुसरीकडे बघत उभा राहिला.

"बातम्या तरी आयकू द्या," मागून एक म्हातारा कुरकुरला.

"आयका ना," मी म्हटलं. "अन् मंग आमचंबी आयका." मी खाली पाहिलं. "आत्याबाई, वर या."

त्या वर चढल्या. माझ्या शेजारी बसल्या. त्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागला होता. बातम्या झाल्या. कोणी उठलं नाही, बहुधा पुढे काय होतं ते बघायला. मग ती ओळखीची सुरावट वाजली, निवेदक म्हणाला, आज अकरावा आणि अखेरचा भाग. पाच आठवड्यांनी मला हेडमास्तरचा घोगरा आवाज ऐकू आला. सासूबाईंनी तो पहिल्यांदाच ऐकला. मी गोष्ट सांगताना काढायची तसाच तो होता, त्यांनी चमकून माझ्याकडे पाहिलं.

हेडमास्तरने सगळ्यांना बंगल्याच्या दिवाणखान्यात बोलावलं. एकेकाचं बोलणं झालं. पुतण्या सुटला, डॉक्टर सुटला. मुनिमाने घड्याळ चोरलं होतं, पण खून केला नव्हता. म्हणजे मीही हरले. उरली स्वयंपाकीण. ती म्हणाली, मी त्या रात्री चुलीपाशी झोपले होते, मला काही माहीत नाही. कट्. हेडमास्तर म्हणाला, बाई, दूध तुम्हीच दिलंत.

"खोटं हाये!" सासूबाई एकदम गुडघ्यांवर उभ्या राहिल्या. "थे कुठं व्हती घरी? थे त बाळंतपनाले गेलती!"

चावडीवरच्या सगळ्यांच्या माना वळल्या. रेडिओत स्वयंपाकीण रडत होती, कारण सांगत होती, पण कुणी ऐकत नव्हतं. मीसुद्धा नाही.

"कोनाच्या बाळंतपनाले, आजी?" सरपंचाने विचारलं.

"मांगच्या गल्लीत. रातभर कंदील धरला तिनं. मांगच्या शुक्रवारी साक्ष झाली ना!"

सरपंच त्याच खालच्या आवाजात म्हणाला, "मांगच्या शुक्रवारी त पेटीले कुलूप व्हतं, आजी. तुमच्यासमोरच लागलं. त्याच्या मांगच्या शुक्रवारीबी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या तशाच गुडघ्यांवर राहिल्या, हात मांड्यांवर, नजर समोर. एक-दोघं हसायच्या बेतात आले. त्या क्षणी मला त्या सगळ्यांचा इतका संताप आला, की मी उठून उभीच राहिले.

"तुमची पेटी बंद व्हती," मी म्हटलं. "आमचे भाग झाले. आठवाबी झाला, नववाबी झाला, दहावाबी झाला. मी आयकले."

हसणारे हसले नाहीत. सरपंच मान खाली घालून आपल्या हातांकडे पाहत राहिला. रेडिओत शेवटची सुरावट वाजली आणि कोतवालाने पेटी बंद केली. मी सासूबाईंना हात दिला. त्यांनी तो धरला आणि उठल्या. आम्ही दोघी पायऱ्या उतरलो, मी वहाणा पायात घातल्या. दहा पावलं गेलो असू, तेवढ्यात मागून कुरकुरणाऱ्या त्याच म्हाताऱ्याचा आवाज आला.

"आजी! थे पोर जगलं का?"

सासूबाई थांबल्या नाहीत, वळल्याही नाहीत. "जगलं," त्या मोठ्याने म्हणाल्या. "पोरगी झाली."

मारुतीमागच्या त्या दगडाजवळून आम्ही पुढे गेलो. संधिप्रकाश संपला होता, रस्त्यातली गुरांची धूळ खाली बसली होती. आमच्या घराचं वळण आलं तेव्हा त्या थांबल्या.

"तुले ठाऊक व्हतं," त्या म्हणाल्या. विचारलं नाही, सांगितलं.

"हाव."

"कवापासून?"

"नववा झाला, त्याच्यानंतर."

त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. अंधारात त्यांचा चेहरा मला नीट दिसत नव्हता, पण आवाज ओला झाला होता. "मंग दहाव्याले काहून जाऊ देलं मले? तोंडावर म्हनाचं व्हतं ना, का बुढे, तू खोटं बोलून राह्यली. काहून नाही म्हनलं?"

खरं तेच सांगितलं मी.

"मले फुडचं आयकाचं व्हतं."